ओटमारची शिंगं

ओटमारच्या सायकलीला शिंगं होती. हँडलच्या दोन्ही टोकांना आवळलेली, पुढं वळलेली, वीतभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची दोन शिंगं. तीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरवाटांवर निघणाऱ्या झाडून सगळ्या सायकलींना ती असायची. मग हँडलं रुंद होत गेली, शिंगं गळत गेली, आणि आता सायकल क्लबाच्या गुरुवारच्या फेरीतल्या चौदा जणांत ती एकट्या ओटमारकडं उरली होती. सदुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ शिंगं मोडून वासरांत शिरायला तयार नव्हता, आणि वासरांना नेमकं तेच खुपत होतं.

खरं सांगायचं तर शिंगं हे निमित्त होतं. फेरीत सगळ्यांच्या पुढं कोण राहणार, हा मूळ सवाल होता. बावीस वर्षं पुढं ओटमार होता. कुठल्या फाट्याला वळायचं, कुठं थांबायचं, पाऊस आला तर माघारी फिरायचं की नाही, सगळं तोच ठरवायचा आणि ठरवताना कुणाला विचारायचा नाही. आयुष्यभर त्यानं कारखान्यात धातूचे साचे बनवले. निवृत्त झाल्यावर त्याचं ऐकणारं घरात कुणी उरलं नाही. बायको गेर्लिंडे तर त्याचं वाक्य पुरं होण्याआधीच उठून स्वयंपाकघरात जायची. गुरुवारचे तीन तास काढून घेतले असते तर ओटमारजवळ काहीच राहिलं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि दुर्दैवानं बाकीच्यांनाही.

यानिक सत्तावीस वर्षांचा. पायांत बळ आणि तोंडाला लगाम नाही. क्लबात लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करत, पण यानिक ओटमारला आजोबा म्हणायचा.

"आजोबा, पुढच्या वळणावर गाई चरतायत. जरा सांभाळून जा, एखादी तुझ्या प्रेमात पडायची."

"तू तुझ्या पुढं बघ."

"बघतोय ना. तुझं हँडल बघतोय. टॉवेल वाळत घालायला छान आहे. अरे, माझ्यासारखं रुंद घे की एखादं. शिंगं कशाला लागतात आता?"

"उभ्या चढावर ओढायला लागतात. तुला नाही कळायचं. तू चढ कधी हातांनी चढलाच नाहीस."

"हातांनी चढायला मी माकड आहे का?"

सगळे हसायचे. ऑगस्टमध्ये क्लबाच्या जेवणाला यानिकनं कुठल्याशा गोठ्यातून खरी शिंगं पैदा केली आणि ओटमारच्या हँडलला दोरीनं बांधून ठेवली. डुकराच्या मांसाचे काप आणि बटाट्याची कोशिंबीर बाजूला सारून लोक फोटो काढायला धावले. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती गेर्लिंडे. ओटमारही हसला. तो कसा हसला ते बघून कुणालाही त्याची कीव यावी; तिथं कुणाला आली नाही.

त्या डोंगरात एक चढ आहे. खाटकाचा चढ म्हणतात. झाडांची मुळं, सुटे दगड, आणि छातीवर येणारी उभी वाट. माथ्यावर एक लाकडी झोपडी आहे आणि तिच्या दारावर खिळ्याला गाईच्या गळ्यातली घंटा टांगलेली असते. चढावर ज्याचा पाय जमिनीला टेकेल त्यानं ती घंटा हँडलला बांधायची आणि वाजवत गावातून घरी जायचं, अशी क्लबाची रीत. घंटा ऐकली की गावातली माणसं खिडकीत येतात आणि कोण ते नीट बघून घेतात. चौदापैकी तेरा जणांनी ती कधी ना कधी बांधली होती. ओटमारनं एकदाही नाही.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी यानिक चढाच्या पायथ्याशी सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, आज फक्त आपण दोघं. तू जिंकलास तर शिंगांबद्दल परत ब्र काढणार नाही."

वाट ओली होती. यानिक सुसाट सुटला, पण निम्म्याच्या वर त्याचं पुढचं चाक उचललं गेलं, मागचं मुळावर घसरलं आणि पाय टेकला. ओटमार त्याच्या शेजारून गेला. दोन्ही हात शिंगांवर, छाती पार हँडलच्या पुढं, नांगर ओढणाऱ्या बैलासारखा, हळूहळू, पण कुठंही न थांबता. माथ्यावर पोहोचल्यावर त्याला इतकी धाप लागली होती की आनंदही नीट करता आला नाही. त्यानं घंटा स्वतः काढली आणि यानिकच्या हातात ठेवली.

यानिकचं नाक कापलं गेलं म्हणावं, तर तो गडी घंटा वाजवत, खिडक्यांतल्या माणसांना हात करत, मजेत घरी गेला. ओटमारच्या जिंकण्याची निम्मी चव तिथंच गेली.

शनिवारी सकाळी यानिक सायकल घेऊन ओटमारच्या कामाच्या खोलीत हजर.

"आजोबा, कबूल. तुझंच खरं. मला पण एक जोडी बसवून दे."

ओटमारला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. सतरा वेळा ज्यानं थट्टा केली तो दारात उभा राहून शिंगं मागत होता. त्यानं कपाटातून जुनी जोडी काढली, फडक्यानं पुसली. यानिकचं हँडल कार्बनचं, नळी पातळ. अशा नळीच्या तोंडात आधी धातूचं बूच बसवायचं आणि मगच वरून काही आवळायचं. नाहीतर नळी आतून चिरते आणि बाहेरून दिसत नाही. हे ओटमारला कुणी सांगायला नको होतं. बुचं खणात होती. त्यानं खण उघडलाही.

"एक सांगू?" यानिक कॉफी ढवळत म्हणाला. "ऑक्टोबरात मतदान आहे ना, पुढच्या वर्षी फेरीत पुढं कोण राहणार याचं, तर मी उभा राहतोय. पोरांशी बोललोय, सगळे तयार आहेत. तुझी शिंगं लावून मी पुढं, आणि तू निवांत शेवटी राहा. दमलेल्यांना गोळा करायला कुणीतरी लागतंच की. गेर्लिंडेला पण पटलंय."

"गेर्लिंडेला?"

"तीच म्हणाली, तुला आता झेपत नाही, फक्त तू कबूल करत नाहीस."

ओटमारनं खण लावून घेतला. शिंग टोकाला चढवलं आणि पाना फिरवायला लागला. पुरेसं झाल्यावर आणखी एक पाव फेरा दिला. आत कुठंतरी टिक् झालं, वाळली काटकी पायाखाली यावी इतकंच. एक्केचाळीस वर्षं ज्याचे कान धातूपाशी गेले त्याला ते ऐकू न येणं शक्य नव्हतं. यानिकला आलं नाही. मग ओटमारनं दुसरं शिंग चढवलं आणि तिथंही तसंच केलं.

"घट्ट आहे ना?" यानिकनं विचारलं.

"घट्ट आहे."

पुढच्या गुरुवारी खाटकाच्या चढावर यानिक पहिल्यांदाच शिंगं धरून उभा राहिला आणि सगळं अंग लावून ओढलं. उजवं टोक शिंगासकट त्याच्या हातात आलं. तो तोंडावर पडला. जबडा दोन ठिकाणी मोडला, चार दात दगडांत राहिले. ओटमार त्याच्या मागंच होता. त्यानंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्यानंच मदत बोलावली. सगळ्यांनी ते पाहिलं आणि ओटमारबद्दल चांगलं बोलले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीआधी क्लब गाड्यांच्या तळावर जमला. यानिक आला होता, जबडा तारांनी बांधलेला, नळीनं दूध पिणारा. क्लबाचा चिटणीस फोल्कर आधीच लिहून आणलेला कागद वाचायला लागला. पुढच्या वर्षी पुढं ओटमारच राहील, सगळ्यांची संमती आहे. आणि दुसरं, या अपघातानंतर क्लबातल्या कुठल्याही सायकलीला शिंगं चालणार नाहीत.

"शिंगांनीच घात केला," फोल्कर म्हणाला. "जुनी वस्तू. आपण आधीच बंद करायला हवी होती. तुला काही म्हणायचंय, ओटमार?"

म्हणायला एकच वाक्य होतं. शिंगांचा दोष नाही, माझा आहे. तेवढं बोलला असता तर शिंगं वाचली असती. यानिकनं खिशातून वही काढली, काहीतरी खरडलं आणि सगळ्यांना दाखवलं. 'ओटमारला बोल लावू नका. मीच मागितली होती.'

बंदीसाठी हात वर करा म्हटल्यावर पहिला हात ओटमारचा होता. मग त्यानं पाना मागून घेतला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या सायकलीची शिंगं काढली. ज्या जागी ती होती तिथं रंग अजून नवा दिसत होता.

फेरी निघाली. पुढं ओटमार. यानिक गाडीतून झोपडीवर गेला. खाटकाच्या चढावर ओटमार उभा राहिला, हात सवयीनं पुढं गेले आणि तिथं धरायला काही नव्हतं. पुढचं चाक भरकटलं. त्याचा पाय जमिनीला टेकला. मागचे बारा जण एकेक करून त्याच्या शेजारून वर गेले, आणि एकानंही थट्टा केली नाही.

तो सायकल ढकलत माथ्यावर आला तेव्हा सगळे वाट बघत उभे होते. कुणी त्याच्याकडं नीट बघत नव्हतं. ओटमारनं घंटेकडं हात नेला. तेवढ्यात यानिकनं त्याचा हात धरला. तारांआडून त्याला बोलायला त्रास होत होता, शब्द तोंडात भिजून येत होते, पण बोलला तो स्पष्ट. त्या दिवशी तो त्याला आजोबा म्हणाला नाही.

"राहू दे, ओटमार," तो म्हणाला. "तुला नको."