जांभळाच्या बियांचा अर्क

उंद्रीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या रमाकांतनं आईच्या साखरेच्या आजाराचा बंदोबस्त करायचं मनावर घेतलं, आणि घरात जिकडे तिकडे जांभळाच्या बिया झाल्या. बिया वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजवून अर्क गाळायचा. तो तुरट अर्क शालूबाई रोज निमूट पीत. लेकानं दिलेलं एरंडेलही त्यांनी गोड मानलं असतं.

अडचण होती ती तपासणीची. सकाळी आईनं बाटलीत लघवी द्यायची, रमाकांत तिचे आठ थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून तापवणार. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर.

पण पोटच्या पोराच्या हाती आपली घाण द्यायची? शालूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच सकाळी त्यांनी गोठ्यात जाऊन ढवळी गाईखाली बाटली धरली. गोमूत्र पवित्र, त्याला पोराचा हात लागला तरी हरकत नाही. शिवाय रमाकांतचं नाक बाराही महिने चोंदलेलं. पोराला काहीतरी उकळायचंय, तर उकळू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

नळी निळीच राहिली. दोन लेकरांचा बाप असलेला रमाकांत अंगणात नाचायचा तेवढा बाकी राहिला. त्यानंतर खरं सांगायची शालूबाईंची छाती होईना. तीन आठवडे ढवळीच तपासली गेली.

एका संध्याकाळी शेजारचे कडूबा ओट्यावर येऊन बसले. त्यांना याच आजारासाठी रोज इन्शुलिनची सुई लागायची. रमाकांतनं त्यांच्यापुढे वही उघडली.

"काका, आईले पाहा. तीन हप्ते झाले, साखरेचं नाव नाही. उद्यापासून तुमी बी सुई बंद करा, अर्क घ्या."

"मास्तर म्हणते तर करू बा," कडूबा म्हणाले. "टोचून टोचून मांडीची पार चायनी झाली."

आत भाजी चिरणाऱ्या शालूबाईंचे हात थांबले. गेल्या साली चार दिवस सुई चुकली, तर कडूबांना बेशुद्ध स्थितीत बैलगाडीतून चिखलीला न्यावं लागलं होतं. बोलावं तर लेकाची चारचौघांत फजिती, न बोलावं तर माणूस जाईल. त्या उठून दारात आल्या.

"रमाकांत, सुई बंद करू नको त्याहिची. बाटलीत माह्यं नव्हतं. ढवळीचं व्हतं."

रमाकांत वहीकडे बघतच राहिला. कडूबांना आधी कळलं.

"म्हंजे मास्तर," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या गाईले साखर नाही, हे पक्कं झालं."

"काऊन केलं व आई असं?"

"तुह्या हाती कसं देऊ रे बापा?"

"माह्यं गू-मूत तू काढलंच ना लहानपणी?"

दुसऱ्या सकाळी शालूबाईंनी खरी बाटली दिली. नळी आधी हिरवी, मग पिवळी, मग विटकरी झाली. तीन आठवड्यांच्या अर्कानं काहीही केलं नव्हतं. रमाकांतनं वहीतल्या पानांवरचं 'आई' खोडून 'गाय' लिहिलं आणि आईला चिखलीच्या डॉक्टरकडे नेलं. तिथून सुई लागली.

सुई कशी टोचायची ते कडूबांनी त्याला कागदी लिंबावर शिकवलं. आईपुढे बसल्यावर मात्र तो सुई पुन्हा पुन्हा उजेडात धरून तपासू लागला. शालूबाईंनी त्याचा हात धरून आपल्या दंडावर ठेवला.

"टोच रे बापा. मी कुठी पळून जाऊन राह्यली?"