भवानी चालणार नाही

श्यामलाक्कांचा येलहंक्याहून फोन आला. माझी दहा महिन्यांची रम्या दिवसभर त्यांच्याकडे सांभाळायला असते. तिला ताप चढलाय, दूध तोंडात घेत नाही, लवकर ये. रिसीव्हर ठेवते तोच बिलं करणाऱ्या अनुसूयाक्का ओरडल्या, "अगं, हा कॉम्प्युटर मला आत घेईना!"

दुकानाचे कॉम्प्युटर मी बघते; नवा नियम मीच लावला होता, आजपासून. ज्याचा त्याचा पासवर्ड, किमान आठ अक्षरी, तीनदा चुकला की दार बंद. तोवर बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सगळ्यांचा पासवर्ड एकच, भवानी. त्याच शब्दावर मालकांच्या पुतण्याने, गिरीराजने, अनुसूयाक्कांच्या नावाने आत शिरून दर बदलले आणि बोलणी अक्कांनी खाल्ली.

कोणाचंही बंद दार उघडणारा मोठा पासवर्ड माझ्याकडेच; त्याने अक्कांना पुन्हा आत घेतलं, पर्स उचलली.

"जातेस कुठे?" मालक पुरुषोत्तमअण्णा गल्ल्यावरून उठले. "उद्या तू नसताना कोणी अडकलं तर? तुझा मोठा पासवर्ड गिरीला दे आणि जा."

"त्याला नको, अण्णा."

"घरचा मुलगा तो."

"म्हणूनच," अक्का पुटपुटल्या.

गिरीराज हसला. "मॅडम, पोर तापलंय ना? सांगा आणि सुटा."

सांगून टाकावा असं वाटलं. ओठही हलले. मग म्हटलं, "अण्णा, तुम्हाला वेगळा मोठा पासवर्ड करून देते. पण तो तुम्हीच ठरवायचा, तुम्हीच टाइप करायचा."

अण्णांच्या धंद्याची रीतच अशी, की भाव असो की शिवी, मोठ्याने. एका बोटाने अक्षर शोधायचे आणि सापडलं की पुकारायचे. "टी... यू..." गिरीराज मागेच उभा.

"अण्णा, तोंड मिटा!"

अण्णांशी असं कोणी बोललं नव्हतं. गेली नोकरी, मनात आलं.

"गिरी, बाहेर हो," अण्णा म्हणाले. "आणि तू गं, तूही तिकडे बघ."

मी भिंतीकडे तोंड केलं. एक कळ वाजायची, मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि खात्रीसाठी तेच सगळं पुन्हा एकदा.

"सरी, झालं. घेतलं त्याने. जा, जा!"

रस्त्यावर येलहंका म्हटलं की रिक्षावाले नकाराची मान हलवत होते. शेजारी स्कूटर थांबली. गिरीराज.

"बसा. अण्णांनी पाठवलंय." गर्दीतून निघाल्यावर तो म्हणाला, "माझा राग आहे तुमच्यावर."

"असू दे. जोरात चालवा."

श्यामलाक्का दारातच होत्या, रम्या त्यांच्या खांद्यावर. मी घेतलं तर अंग हाताला चटका बसेल असं.

मागे स्कूटर अजून चालूच होती.

"डॉक्टर कुठल्या रस्त्याला?" गिरीराजने विचारलं.