दुसरी खुर्ची

१९८५ साली नेरुळात आमच्या बिल्डिंगीत सोळा खोल्या होत्या आणि माणसं तीन. त्यातला एक वॉचमन, दुसरा त्याचा भाऊ. त्यामुळे आपण प्रायोगिक लिहितो हे कुणाला सांगावं, असा प्रश्न मला पडला नाही. आठवडाभर मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर-क्लार्क असायचो. दादरला माझी एक एकांकिका झाली होती. प्रेक्षक सहा, त्यातले दोघे हॉल उघडायला आलेले.

मग मी फिल्म लिहिली. रिकाम्या प्लॉटवर टेबल आणि दोन खुर्च्या. एकीवर मी. कुणीतरी अनोळखी माणूस येतो, समोर बसतो. मिनिटभर दोघंही गप्प. संपलं. अट एकच, त्याने आपणहून यायचं. बोलावलेलं माणूस मला नको होतं. तसं बोलावूनही कोणी येत नव्हतं, ते वेगळं.

कॅमेरा माझ्या मित्राचा, नंदकुमारचा, म्हणजे वाशीतल्या ज्या स्टुडिओसाठी तो लग्नाचे फोटो काढायचा त्यांचा. रीळ एकच, सव्वातीन मिनिटांचं. टेबल-खुर्च्या मी कंपनीतून रविवारपुरत्या आणल्या. गेटपासवर कारण लिहिलं, 'दुरुस्ती'. अगदीच खोटं नव्हतं.

शिरवण्याजवळच्या प्लॉटवर सकाळी नऊला बसलो. दोनपर्यंत कोणी आलं नाही. दोनला एक कुत्रा आला आणि समोरच्या खुर्चीवर चढून झोपला. विटांच्या ढिगाआड लपलेल्या नंदकुमारने त्याच्यावर रिळाची दोन मिनिटं घालवली.

"आपणहून आला ना?" तो म्हणाला.

"माणूस म्हटलं होतं मी."

"मध्या, टेन्शन नको घेऊस. सव्वा मिनिट आहे अजून. नाहीतर मी बसतो."

"तू ओळखीचा आहेस."

"तेवढंच चुकलं बघ माझं."

साडेचारला गावाच्या बाजूने एक म्हातारी बाई हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन सरळ आमच्याकडे आली. कुत्र्याला उठवलं आणि खुर्चीवर बसली. विटांमागे कॅमेरा घरघरायला लागला. अख्ख्या नेरुळात कोणीतरी माझ्यासमोर येऊन बसलं होतं. मी श्वास जपून घेत होतो.

तिने पदराने टेबल पुसलं. पिशवीतून सातबारा काढला, नोटीस काढली, एका माणसाचा फोटो काढला आणि ओळीने मांडलं.

"मी बयाबाई. बरा झाला सायेब तुमी आलाव," ती म्हणाली. "आमचा मालक वाट बघून गेला. आता माजा नाव लागला का, तेवढा सांगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या भागात मोकळ्या जागेवर टेबल-खुर्ची दिसली की त्याचा अर्थ एकच, नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनींचे साहेब आले. हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मला फक्त गप्प बसायचं होतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये तेच होतं. विटांवरून नंदकुमारचा अंगठा वर आला. बयाबाईने बोट सातबाऱ्यावरून उचलून खाली मातीकडे नेलं. "आपन बसलाव ना, त्योच तुकडा."

मी मनात एकोणीसपर्यंत मोजलं.

"मावशी, मी साहेब नाही."

"मंग कोन हायस?"

"लेखक."

तिने विचार केला. "मंग लिवून घे."

"मी लिहिलं तरी त्याचा काही उपयोग होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो.

तिने फोटो आधी उचलला, मग कागद. उठली, आणि खुर्ची काखोटीला मारून चालू लागली.

"मावशी, खुर्ची कंपनीची आहे."

"आनि जागा कोनाची हाय?"

नंदकुमार बाहेर आला. "रीळ संपलं यार. शेवट भारी होता."

सोमवारी टेबल एक आणि खुर्ची एक परत गेली. एक खुर्ची कमी का, याचा लेखी खुलासा स्टोअर-क्लार्कने मागितला. म्हणजे मीच. मी मला मुदत दिली.

पुढच्या रविवारी विचारत विचारत तिच्या घरी गेलो. बयाबाई अंगणात कंपनीच्या खुर्चीवर बसून सुकट निवडत होती. समोर एक घमेलं उपडं पडलं होतं. मी त्यावर बसलो.

"कोनी बोलावला तुला?"

"कोणी नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. खुर्चीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मिनिटभर दोघंही गप्प होतो, जास्तच असेल, मोजायला कॅमेरा नव्हता. मग तिने सुकटीचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "खडं बाजूला काढ. लिवत बसू नको."