सुकटीचा डबा आणि श्रावणातला वास

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या अंगाला सुकटीचा वास येतो. मित्रांनो, हे मी मान खाली घालून सांगत नाही. डब्याला मान नसते ही गोष्ट वेगळी. पण असती तरी मी ती खाली घातली नसती.

जन्माने मी सुकटीचा नव्हतो. आधी माझ्यात शेंगदाण्याचे तेल होते. तेल संपल्यावर पनवेलच्या बाजारात पत्रे ठोकणाऱ्या काशिरामने मला घेतले, माझा माथा कापला, कडा आत वळवल्या, झाकण बसवले आणि कडी लावली. त्याच्या दुकानात दिवसभर कथिल वितळल्याचा धूर असे. रस्त्याने जाणारे नाक दाबत. काशिराम मात्र तो धूर छातीभर ओढून म्हणायचा, "हा वास सुटला म्हणजे आज घरी चूल पेटणार." मला नवल वाटे. धूर एकच, मग तो एकाला नकोसा आणि दुसऱ्याला हवासा कसा?

जवळच्या विचुंबे गावच्या कृष्णाबाईने मला विकत घेतले आणि डोक्यावर ठेवून घरी नेले. तिची भातशेती होती. उन्हाळ्यात तिच्या खळ्यावर सुकट वाळत पडायची. सुकट म्हणजे बारीक कोलंबी, उन्हात वाळून खडखडीत झालेली. ती माझ्यात भरली जाई आणि सबंध पावसाळा, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, मी घर चालवी. तव्यावर कांदा पडला, वर मूठभर सुकट पडली, की भिंतीपलीकडून शेजारीण ओरडे, "कृष्णाबाय, एकलीच खातेस काय? वाटीभर धाड इकडं!" त्या गावात माझ्या वासाला कोणी वास म्हणत नसे. घमघमाट म्हणत.

दोन हजार चार साली कृष्णाबाईच्या मुलाला, प्रणितला, मुलगी झाली. तिचे नाव रिया. रांगायला लागली तशी ती थेट माझ्याकडे यायची, झाकणावर थापा मारायची, आत नाक घालायची आणि शिंकून हसायची. मित्रांनो, मी पुष्कळ तान्ही मुले पाहिली आहेत. त्यांची नाके पाटीसारखी कोरी असतात. माझ्याकडे पाहून तोंड वाकडे करणारे तान्हे मूल मला अजून भेटलेले नाही. तोंड वाकडे करायला ती मागाहून शिकतात, मोठ्यांची तोंडे पाहून.

मग शेत, खळे, घर सगळे बिल्डरकडे गेले आणि त्याच जागेवर उंच इमारत उभी राहिली. कृष्णाबाईच्या घराला तिच्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जुन्या घरातले पाटे, कणगी, सुपे कुठे गेली ठाऊक नाही. मी मात्र आलो. प्रणित म्हणाला, "आई, मी प्लॅस्टिकची बरणी आणतो, घट्ट झाकणाची. हा डबा टाक आता."

"बरणीला घाम सुटतो रं, सुकट नरम व्हते," कृष्णाबाई म्हणाली. "यो डबा हाय तो हाय."

तेव्हा मला टाकले नाही, पण स्वयंपाकघरातून बाल्कनीत हलवले. तिथे माझ्या शेजारी एक फुटकी कुंडी आणि पोछा. ज्याच्या नावाने पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटायचे, तो मी पोछ्याच्या शेजारी.

पण माझे दुःख राहू द्या. रिया शाळेत जाऊ लागली होती. खांदा कॉलनीतल्या त्या शाळेत एका मुलीने तिची बाही हुंगली आणि सगळ्या वर्गासमोर म्हटले, "शी, मच्छी!" दुसऱ्या दिवसापासून रिया गणवेशावर बाबांचा स्प्रे मारून जाऊ लागली. एका सकाळी कृष्णाबाई तिची वेणी घालायला बसली, तर ती उठून उभी राहिली. "आजी, तुझ्या हाताला वास येतो."

कृष्णाबाईने साबणाने हात धुतले. मग लिंबू चोळले. ती परत आली तोवर रियाने स्वतःच केस बांधले होते. त्या दिवसापासून माझ्या मालकिणीला एकच घोर लागला. डबा राहतो की जातो, याचा नव्हे. नात दुरावते की काय, याचा.

अशात श्रावण आला. आखाडातच शेवटची मूठ संपली होती. कृष्णाबाईने मला चिंच लावून घासले, गरम पाण्याने धुतले, ऊन सापडेल तेव्हा उन्हात उपडे घातले आणि माझ्यात तांदूळ भरला. श्रावणात त्या घरात मासळीचा काटाही येत नाही.

आणि नेमक्या त्या श्रावणात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या आशालताबाई होत्या. सोबत सोसायटीचे सेक्रेटरी मितेशभाई आणि मागे दोघे-तिघे.

"कृष्णाबाई, गेले काही दिवस घरात बसवत नाही हो," आशालताबाई म्हणाल्या. "पडदेसुद्धा वास मारतायत."

मितेशभाईंनी उंबऱ्यावरच रुमाल काढला. "आजी, जिन्यात रूल चिकटवलाय, उग्र वासाची वस्तू ठेवायची नाही. तो सगळ्यांना सेम आहे. तो डबा काढून टाका. बघा ना, इथपर्यंत येतोय."

"काय येतोय?"

"काय म्हणजे? मच्छीचा वास!"

त्यांनी नाकाला रुमाल लावला तसा मागच्या माणसाने लावला. त्याच्या मागच्याने रुमाल नव्हता म्हणून शर्टाची कॉलर लावली. आणि खोलीच्या दारात उभ्या असलेल्या रियाचा हातही हळूच नाकाकडे गेला.

कृष्णाबाईने तो हात पाहिला. ती बाल्कनीत आली, पोर उचलावे तसे मला कडेवर घेतले आणि हॉलमध्ये मधोमध आणून ठेवले.

"घ्या. नीट घ्या वास."

तिने झाकण उघडले. सगळे एक पाऊल मागे सरले. पुढे वाकून पाहिले ते रियाने. तिचा हात नाकावरून खाली आला.

"आजी, हे तर तांदूळ आहेत."

"श्रावण हाय ना बाय. श्रावणात मासली येते का आपल्या घरात?"

"तांदळाला लागला असेल," मितेशभाई पुटपुटले.

आशालताबाईंनी मूठभर तांदूळ घेतला आणि बराच वेळ हुंगला. "नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. पण मला खरंच येत होता हो. खिडक्या लावून बसत होते मी."

मित्रांनो, त्या खोटे बोलत नव्हत्या. मी त्यांना वरून रोज दिसत होतो. डोळ्यांनी डबा पाहिला, डोक्याने मासळी म्हटले, आणि नाक बिचारे हुकमाचे ताबेदार. त्याने वास हजर केला.

प्रणितला हायसे वाटले. "झालं तर मग! आई, यात आता कायमचा तांदूळच ठेव. प्रश्नच मिटला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा तांदळाचा अब्रूदार डबा होऊ शकलो असतो.

"मिटला कसा?" कृष्णाबाई म्हणाली. "मी काय चोरी केलेली, का मना सोडून देताव? आज वास नाय म्हणून मी चांगली. गणपती झालं का मी सुकट भरीन, तवा मी वाईट? आशाताई, तुमी वरती ते फुसफुस मारता, माजं डोकं धरतं. मी आली का कदी तुमच्या दारात?"

"अहो, लव्हेंडर आहे ते! चांगलं महागातलं."

"असंल. मना त झुरलाच्या औषधासारखं वाटतं."

आशालताबाईंना नको असताना हसू आले. मलाही कळले की माझ्या मालकिणीचे नाकसुद्धा काही देवाचे नाक नव्हे. फरक एवढाच, की तिने ते दुसऱ्याच्या दारात नेले नव्हते.

"मग रूलचं काय, आजी?" मितेशभाईंनी विचारले.

"रूल तुमचा. लिफ्ट हाय ना तुमची, तितं माजं खलं व्हतं. तितंच सुकट वाललेली."

मंडळी गेली. लगेच काही बदलले नाही. दुसऱ्या दिवशीही रिया स्प्रे मारूनच शाळेत गेली. पण एका दुपारी ती बाल्कनीत आली, माझे झाकण उघडले, तांदूळ हुंगला, झाकण लावले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसली. तोच हात त्या दिवशी नाकाकडे गेला होता. का गेला होता, हेच ती त्याला विचारत असावी.

गणपती गेले. कृष्णाबाईने तांदूळ पिंपात ओतला आणि मला बाजारात घेऊन गेली. उरणकडच्या कोळणीकडून नवी सुकट घेतली आणि मला गळ्यापर्यंत भरले. रिक्षा इमारतीशी थांबली तेव्हा तिने वर हाक मारली. रिया खाली आली. एका बाजूने आजीने धरले, दुसऱ्या बाजूने नातीने. माझे झाकण कृष्णाबाईने मुद्दामच अर्धे उघडे ठेवले होते.

लिफ्टमध्ये आशालताबाई आणि मितेशभाई आधीच उभे होते. दार लागले. मी त्या एवढ्याशा जागेत मनसोक्त पसरलो.

"आजी, झाकण तरी लावा," मितेशभाई म्हणाले.

कृष्णाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण रिया आधी बोलली.

"वास येतोय ना काका? आज खरा आहे."

आशालताबाईंचा हात अर्धा वर गेला, थांबला आणि पर्सची चेन उगाच लावू लागला. रियाने दोन्ही हातांनी मला धरले होते. तिचे नाक उघडे होते.

मित्रांनो, तो रूल अजून जिन्यात चिकटवलेला आहे आणि मी अजून या घरात आहे. बाल्कनीत नव्हे, ओट्याखाली. मला सुवास म्हणा, असा माझा आग्रह नाही. तुम्हाला मी आवडलो नाही तर खुशाल श्वास रोखा. पण तोंडातून 'शी' निघण्याआधी एवढे पाहा, की ते तुमचे आहे की दुसऱ्याचे तोंड पाहून आलेले. आणि तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी जुना असेल, तर त्याचे पोचे काढा, गंजावर तेलाचे बोट फिरवा. वास मात्र काढू नका. तो आम्ही जन्मभर कमावलेला असतो.