बिनतुपाचा उपास

माझी विहीण माझ्या लेकीच्या घरी आली आणि पहिल्याच सकाळी माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला तिने हातसुद्धा लावला नाही. ज्या खिचडीसाठी शारजातली ओळखीची निम्मी मराठी मंडळी संकष्टीला आमच्याकडे टपकतात, त्या खिचडीला! माझं डोकं जे तापलं, ते दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं नाही.

शुभ्रा माझी एकुलती एक. जन्म शारजातला, शाळा शारजातली, आता नोकरी अबुधाबीत आणि अल रीम आयलंडवर तिचा नि हेनोकचा संसार. हेनोक इथिओपियाचा, गोंदर गावचा. पोरगा गुणी आहे, मला आई म्हणतो आणि पुरणपोळी मागून खातो. दोघांनी इथेच कोर्टात लग्न केलं. आम्ही हजर होतो, त्याची आई नव्हती. तिने फोनवरून साधा आशीर्वादही दिला नाही. विधवा बाई, एकच मुलगा, गावात त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवलेली. तिचा राग मला कळत होता. मीही काही ही बातमी ऐकून पेढे वाटले नव्हते.

आता वर्षभराने ती दहा-बारा दिवसांसाठी आली होती. तिचं नाव बिर्तुकान, म्हणजे संत्रं. इथल्या ज्यूसवाल्याकडे मी अरबीत 'बुर्तुकाल' मागत आलेय, त्यामुळे नाव लगेच पाठ झालं. पण बोलायचं कसं? तिला इंग्रजी मोजकं, हिंदीचा गंध नाही. आणि ती उतरली त्याच रात्री हेनोकला कंपनीने खोर फक्कानला धाडलं, तिथल्या बंदरावर नवी क्रेन बसवायची होती. दुभाष्याच पळाला म्हणताना शुभ्राने मला फोन लावला.

"आई, प्लीज ये ना. ती रूड नाहीये, पण मला कशानेच हाक मारत नाही. ना नावाने, ना काही. एअरपोर्टवर हेनोकला मिठी मारली आणि मला नुसती मान हलवली. ती अशीच परत गेली ना, तर आमचं कायमचं असंच राहील. हेनोक मधल्यामधे लटकणार, आणि मी पण."

मला दुसरं काही नको होतं, या बाईने माझ्या मुलीला आपलं म्हणावं, बस. मी बॅग भरायला घेतली तेव्हा माझे यजमान सूर्यकांत म्हणाले, "जा, पण तिथे जाऊन भांडू नकोस." मी म्हटलं, "मी कधी कुणाशी भांडते?" ते मोबाईल बघायला लागले.

शनिवारी सकाळी मी पोचले. बिर्तुकान सोफ्यावर ताठ बसली होती. उंच, सावळी, डोक्यावरून पांढरीशुभ्र ओढणी, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रॉस. मी नमस्कार केला, तिनेही केला. मग शुभ्राने मला हेनोकचा मेसेज दाखवला. 'अम्मा इज फास्टिंग. डोन्ट वरी.' त्यानंतर त्याचा फोन बंद. मी म्हटलं, वरी नको तर नको, साबुदाणा करते. उपास म्हटल्यावर मला कोण शिकवणार!

साजूक तुपात जिरं तडतडलं, दाण्याचं कूट पडलं, बटाटा खरपूस झाला. खिचडीवर तुपाची धार, शेजारी दह्याची वाटी आणि वेलदोडा घातलेलं गरम दूध. ताट पुढे ठेवलं तशी ती वाकून बघायला लागली आणि बोट दाखवून म्हणाली, "बटर?"

मला वाटलं, तूप कमी दिसतंय बाईला. "येस येस! फुल बटर! प्युअर!" असं म्हणून मी आणखी एक चमचा सोडला. तिने छातीवर हात ठेवला, कसनुसं हसली आणि ताट बाजूला सारलं. मग फळांच्या टोपलीतलं एक केळं खाल्लं आणि कोरा चहा घेतला.

"आई, तिने खाल्लं नाही," शुभ्रा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली.

"केळं खाल्लं की."

"केळं सालीत असतं, आई. त्याला आपला हात लागलेला नसतो."

आमच्याकडे वैऱ्याच्या घरचं पाणीही पीत नाहीत. तिच्याकडेही तीच रीत असणार, असंच मला वाटलं.

पण मी हार मानणारी नव्हे. दुपारी शुभ्राकडून काढून घेतलं की हेनोक लहानपणी न्याहारीला काय खायचा. किंचे, म्हणाली ती. भरडलेला गहू शिजवायचा आणि मसाल्याचं तूप घालून कालवायचा. "म्हणजे आपला दलियाच की गं!" मी म्हटलं. व्हिडिओ बघितला, लोणी आणवलं आणि आलं, लसूण, मेथी, हळद, वेलदोडे घालून मंद आचेवर कढवायला ठेवलं. उपास आजचा, उद्या सकाळी तिचं पारणं, ते तिच्याच गावच्या पदार्थाने सोडायचं असा माझा बेत. घरभर असा वास सुटला की बिर्तुकान दोनदा स्वयंपाकघराच्या दारात आली, डोळे मिटून उभी राहिली आणि परत गेली. मासा गळाला लागला म्हणून मी खूश झाले.

रविवारी नेमकी माझी संकष्टी होती. ही संकष्टी साधीसुधी नाही. माझी कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी संकष्टी धरायला लावली आणि शुभ्रा सुखरूप हाती आली. त्यानंतर आजारपणात नाही, प्रवासात नाही, मी एकही संकष्टी मोडलेली नाही. दिवसा फराळ चालतो, पण चंद्र दिसल्याशिवाय धान्याचा कण तोंडात घालायचा नाही, मग वाळूच्या वादळात चंद्र झाकला गेला तरी पंचांगातली वेळ बघूनच जेवायचं. त्यामुळे किंचे रांधताना चव बघायचा प्रश्नच नव्हता. मीठ शुभ्राला बघायला लावलं.

दलिया धुतला, शिजवला, फडफडीत मोकळा झाल्यावर वर ते सोनेरी तूप ओतलं आणि बशी विहिणीपुढे ठेवली.

"किंचे!" ती म्हणाली आणि तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. तिने बशी उचलून नाकाजवळ नेली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने बशी हळूच खाली ठेवली. "नो. सॉरी. नो."

शुभ्रा उठली आणि काचेपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ते बघितलं आणि माझा तोल गेला.

"बाई, माझ्या लेकीने तुमचं काय घोडं मारलंय?" मी चक्क मराठीत सुरू झाले. "काल खिचडी नको, आज तुमच्याच गावचं किंचे नको! ती सून झाली ना तुमची? मग तिच्या घरचा एक घास घशाखाली उतरत नाही? राग असेल तर माझ्यावर काढा, पोरीला का छळता? खलास! आता मी काही करणार नाही."

"आई, स्टॉप! तिला कळत नाहीये," शुभ्रा ओरडली.

शब्द कळले नसतील, सूर बरोबर कळला. बिर्तुकान उठली, माझं मनगट धरलं आणि मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. तुपाच्या बरणीवर बोट ठेवून म्हणाली, "नो." फ्रिज उघडला. दूध, नो. दही, नो. अंडी, नो. मग गळ्यातला क्रॉस हातात धरला. "फास्टिंग. लाँग. अंटिल ईस्टर." नंतर तिने ओट्यावरची दलियाची पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "येस." तेलाची बाटली, येस. कांदा, येस.

मी पिशवी धरून खुळ्यासारखी उभी राहिले.

"उपासाला तूप चालत नाही?" मी शुभ्राला विचारलं. "आणि गहू चालतो? कांदासुद्धा?"

"ओ माय गॉड," शुभ्रा डोळे पुसत म्हणाली. "आई, त्यांच्या फास्टमध्ये अ‍ॅनिमलचं काहीच चालत नाही. हेनोक फास्ट करतच नाही, सो मला माहीतच नव्हतं."

माझा उपास तुपावर उभा आणि गव्हाला बंदी, तिचा गव्हावर उभा आणि तुपाला बंदी! एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात, तशी आमची गाठ पडली होती. मला हसू फुटलं, पण त्यातच लाजही वाटली. बिचारीच्या नाकाखाली मी अख्खी दुपार तूप कढवलं होतं. आमच्या एकादशीला कुणी असा रस्सा रटरटत ठेवला असता, तर मी त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. ही बाई नुसती डोळे मिटून उभी राहिली होती.

"सॉरी," मी म्हटलं आणि कान पकडले. कान पकडल्याचा अर्थ सगळीकडे एकच असावा, कारण ती मोठ्याने हसली.

मग तिने ओढणी कमरेला खोचली. शुभ्राच्या हातात कांदा दिला आणि चिरायची खूण केली. आमच्या बाईसाहेबांनी कांद्याचे असे तुकडे केले की भज्यांनाही चालू नयेत. बिर्तुकानने सुरी घेऊन अर्धा कांदा बारीक चिरून दाखवला आणि सुरी परत तिच्याच हातात दिली. तेलात कांदा परतला, त्यात मिरची, पाणी, मीठ आणि धुतलेला दलिया. झाकण ठेवून ती शुभ्राशेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. दोघी बोलत नव्हत्या, पण लांबही नव्हत्या.

किंचे तिने एकाच मोठ्या ताटात काढलं आणि तिघींच्या मधे ठेवलं. चमचे बाजूला केले. बोटांनी घास वळला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"आई, हे गुर्शा," शुभ्रा घाईघाईने सांगायला लागली. "मान द्यायचा असला की हाताने घास भरवतात. मोठ्या माणसाला फर्स्ट. नाही म्हणायचं नसतं..." आणि ती थबकली. "अरे देवा, आई, तुझी संकष्टी! वेट, मी तिला सांगते, शी विल अंडरस्टँड."

समजून घेतलंच असतं तिने. स्वतः एवढा कडक उपास करणारी बाई. मी छातीवर हात ठेवून हसले असते, आणि तिने घास ताटात परत ठेवला असता. पण तो हात अजून शुभ्रापर्यंत पोचलेला नव्हता. माझ्यापाशी अडला असता, तर तो पुढे गेला असता की मागे, कोण जाणे.

"तू गप्प बस," मी शुभ्राला म्हटलं. गणपतीला मनातल्या मनात हात जोडले आणि तोंड उघडलं.

गहू. वर कांदा. संकष्टी नुसती मोडली नाही, चांगली दणकून मोडली. मी घास चावून चावून खाल्ला, आणि बिर्तुकान माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही कळलं नव्हतं आणि मला ते कळू द्यायचंही नव्हतं.

मग तिने दुसरा घास वळला आणि शुभ्राकडे वळली. पोरगी तशीच बसलेली, हात मांडीवर, जीव मुठीत.

"नेय, लिजे," बिर्तुकान म्हणाली.

शुभ्राने घास घेतला. घेतला आणि ढसाढसा रडायला लागली. एरवी तीन शब्दांतले दोन इंग्रजी बोलणारी माझी मुलगी भरल्या तोंडाने म्हणाली, "आई, नेय म्हणजे ये, लिजे म्हणजे माझं लेकरू. हेनोकला ती हेच म्हणते."

बिर्तुकानने ओढणीच्या टोकाने तिचे गाल पुसले आणि आणखी एक घास भरवला.

माझा चंद्र उगवायला अजून अख्खा दिवस होता. पण जिच्यासाठी संकष्टी धरली होती, तिचं काम झालं होतं. मी विहीणबाईंपुढे पुन्हा तोंड उघडलं.