नव्याच्या पाठीवरचा पिठ्ठू

मी एक जुना पिठ्ठू आहे, आणि मित्रांनो, मला फक्त मागचं दिसतं.

शिपाई पाठीला जी जाड कापडाची पिशवी बांधतात, ती म्हणजे मी. ज्याच्या पाठीवर मी असतो तो पुढचा रस्ता बघतो. मी बघतो तो सुटून गेलेला. म्हणून माझी गोष्ट सरळ रेषेत येणार नाही. माझ्या आत जे जे भरलं गेलं, त्यावरून ती सांगतो.

आत : काहीच नाही

एका कारखान्यात मला शिवलं. हिरवट कापड, पितळी बकलं, दोन रुंद पट्टे. माझ्यासारखे शेकडो होते. आम्ही एकावर एक रचलेले होतो आणि कुणालाच कुणाची पाठ ठाऊक नव्हती. तेवढंच आठवतं.

आत : विटा

मग एका प्रशिक्षण केंद्रात आलो. नव्या जवानांना तिथे रंगरूट म्हणत आणि शिकवणाऱ्याला उस्ताद. चूक झाली की पिठ्ठूत विटा भरायच्या आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. तोंडातून शब्द निघाला की अजून एक वीट.

मी पहिल्यांदा बांधला गेलो अंबाजीरावाच्या पाठीला. तो बन्नूरचा, उसाच्या मळ्यातला, लांब टांगांचा. पाठीवर असलेल्याला चेहरा दिसत नाही, पण पाठ दिसते त्यापेक्षा जास्त कळते. काही दिवसांनी त्याचा डावा पाय जमिनीवर कमी टेकू लागला. टेकला की लगेच उचलायचा, तव्यावर पडल्यासारखा. त्याने पाय दुखतो म्हणून सांगितलं. उस्तादाने माझ्यात वीट वाढवली. पुन्हा सांगितलं, पुन्हा वीट. मग त्याने सांगणं सोडलं.

त्याचं हाड मोडलं तेव्हा तो आवाज मी ऐकला. वाळलेला ऊस मोडावा तसा.

त्याला घरी पाठवलं. मला उचललं त्याच्या शेजारच्या रंगरुटाने, म्हैसूरमधल्या नजरबादच्या येसाजीने. त्याने दोन पिठ्ठू घेऊन फेरी पुरी केली आणि शाबासकी मिळवली. पुढे तो स्वतः उस्ताद झाला. माझी मुदत संपली तेव्हा रीतसर परवानगी काढून त्याने मला घरी आणलं.

आत : जुने स्वेटर

नजरबादच्या घरात माळ्यावर बरीच वर्षं गेली. खाली येसाजीराव म्हातारे होत होते आणि त्यांचा आवाज तसाच होता. कुणी दमलो म्हटलं की ते अंबाजीरावाची गोष्ट सांगायचे. तो कच्चा निघाला, गळला. आमच्या वेळी माणसं अशी चाळून घ्यायचे, असं ते म्हणायचे. घरात कुणी जिना चढून धापा टाकली तरी त्याला अंबाजीराव म्हणून चिडवायचे. हसायचे सगळे. मी माळ्यावर होतो, आणि मला बोलता येत नाही.

आत : वाळू

एरवी वर्षातून एकदा, पूजेपुरता, मला खाली काढत; यंदा काढलं ते नातीसाठी. नव्याला लष्करी पोलिसांत जायचं होतं. मुलींची भरती दसऱ्यानंतर लगेच होती आणि धावण्याच्या परीक्षेत ती गेल्या वर्षी थोडक्यात मागे पडली होती. यंदाही हुकलं तर पुढे घरातले लग्नाचं काढणार, हे तिने आजोबांपाशी बोलून दाखवलं होतं. येसाजीरावांनी तिची तयारी करून घ्यायचा शब्द दिला. माझ्यात वाळू भरली. पिठ्ठू घेऊन जी पळते ती रिकामी उडते, असा त्यांचा हिशेब.

पहाटे कारंजी तळ्याच्या रस्त्याने नव्या पळायची, मागून स्कूटरवर येसाजीराव. मला तेच दिसायचे : पांढऱ्या मिशा, घट्ट मिटलेलं तोंड, आणि ती मंदावली की वाजणारा हॉर्न.

शेजारचा प्रणेश तेव्हा प्रशिक्षण संपवून रजेवर आला होता. येसाजीरावांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि एकेक विचारून काढलं. ठरल्या वेळी पाणी पाजतात? पाजतात. मारत नाहीत? नाही. दर आठवड्याला डॉक्टर? हो.

"आमच्या वेळी तोंड उघडलं की वीट वाढायची," येसाजीराव म्हणाले. "तुमचं बरं आहे. तोंड उघडलं की ग्लुकोज."

"पळणं तेवढंच आहे अज्जा," प्रणेश म्हणाला. "मारणं तेवढं गेलं."

"मग काय राहिलं त्यात? लुगडी नेसा आता."

"नेसून पण पळेन की," नव्या दारातून म्हणाली, आणि सगळे हसले. तिने हसताना दाराच्या चौकटीला हात धरला होता. का धरला होता ते मला ठाऊक होतं.

कारण, मित्रांनो, त्याच सकाळी तिचा डावा पाय जमिनीवर कमी टेकला होता.

आत : अजून वाळू

आता ही गोष्ट मला हवी तशी हळू सांगता येत नाही.

रोज तो पाय थोडा कमी टेकत होता. टेकला की उचल. टेकला की उचल. मी तिच्या पाठीवर उजवीकडे ओढला जात होतो. मागे स्कूटर होती. आजोबांना दिसत कसं नव्हतं? मग कळलं. वजन पाठीवर असलं की धडधाकट माणूसही डुलत चालतो. तिचं लंगडणं माझ्याआड लपलं होतं. मीच तो पडदा होतो.

शहरात तेव्हा दसऱ्याच्या हत्तींची तालीम चालली होती. पाठीवर वाळूची पोती बांधून त्यांना रस्त्याने फिरवत होते. येसाजीराव ते दाखवून म्हणाले की बघा, हत्तीलासुद्धा वाळूच वाहायला लावतात, कुणी रडत नाही.

त्यांची सून, नव्याची आई रम्या म्हणाली, "त्यांचं ओझं थोडं थोडं वाढवतात, मामंजी. आणि एखादा लंगडला तर त्याला सोडून दुसरा घेतात. आपल्याकडं नव्या एकच आहे."

रम्या शिवणकाम करायची. माझा उजवा पट्टा उसवला म्हणून मला तिने मशीनवर घेतलं. उजवा पट्टा ताणून लांब झाला होता, डावा जसाच्या तसा. तिने दोन्ही शेजारी धरून बघितले. मग नव्याला हाक मारली आणि विचारलं की अंग एका बाजूला का टाकतेस, काही दुखतंय का.

"सुम्ने, उगाच काहीतरी विचारू नको अम्मा. काही नाही."

"पाय दाखव."

"बेडा, नको म्हटलं ना." आणि मग हळू आवाजात, "अज्जाला सांगू नको. चार दिवस राहिलेत."

रम्याने पट्टा शिवला. दोनदा शिवला. सासऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, ते तिला पाठ होतं.

आत : वाळू, वर हळदकुंकू

खंडेनवमीला या घरात शस्त्रं पुजतात. पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते, त्यांची तलवार पाटावर येते. येसाजीरावांची पदकं, रम्याचं शिवणयंत्र, स्कूटरची किल्ली. आणि दरवर्षी मी. एकदा पुजलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या मुलाने एकदा पूजेतली किल्ली उचलली होती, तर येसाजीराव त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते.

यंदा मला आणि स्कूटरच्या किल्लीला पुजायचं नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. नव्याचा सराव चुकायला नको. पण सकाळी ते अंघोळीला गेले, आणि रम्याने मला उचलून पाटावर ठेवलं. पुढे हळद, कुंकू, शेवंतीचं फूल. घाईत कुंकू बकलावर सांडलं.

येसाजीराव बाहेर आले. बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी," रम्या म्हणाली. "पूजा झाली मामंजी. आता तुम्हीच उचला. तुमचा नेम, तुम्हीच मोडा."

नव्या बूट घालून उभी होती. येसाजीरावांचा हात माझ्या पट्ट्यापर्यंत आला. इतका जवळ की बोटांना लावलेल्या तेलाचा वास मला आला. मग तो हात मागे गेला.

"रिकामी पळ," ते नातीला म्हणाले. "चल."

आणि ते गेले.

इथे माझी गोष्ट तुटते, मित्रांनो. मी पाटावर होतो. जे झालं ते मी पाहिलं नाही.

लवकर परत आले, इतकंच मला माहीत आहे. स्कूटरवर नव्या मागे बसलेली होती. येसाजीराव चपला न काढताच आत आले, ते कधी तसं करत नाहीत. रम्याला म्हणाले, "ऑटो बोलाव. दवाखान्यात जायचं." आणि मग, भिंतीकडे बघत, "ती लंगडते. केव्हापासून लंगडते ही?"

रम्या ऑटो आणायला धावली.

नडगीच्या हाडाला तडा होता, केसाएवढा. ओझं घेऊन अजून दोन-तीन दिवस पळाली असती तर मोडलंच असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दीड महिना पाय टेकायचा नाही. भरती गेली. नव्या घरी आली ती भिंतीशी बसून राहिली. जेवली नाही.

संध्याकाळी म्हणाली, "झालं अज्जा. मी अंबाजीराव झाले."

येसाजीराव तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"अंबाजी माझ्यापुढं पळायचा," ते म्हणाले. "रोज."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

आत : काय, ते सांगतो

दुसऱ्या दिवशी दसरा. प्रणेश शमीची पानं द्यायला आला, म्हाताऱ्याच्या पाया पडला. येसाजीरावांनी त्याला बसवलं. या वेळी चिडवलं नाही. विचारलं, तुमच्याकडे एखादा पाय दुखतो म्हणाला तर काय करतात.

"बघतात. विश्रांती देतात. मग परत पहिल्यापासून पळवतात. सोडत नाहीत, अज्जा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"लपवलं तर शिक्षा," प्रणेश म्हणाला. "ते फार वाईट. तुमच्या विटा परवडल्या."

येसाजीराव हसले नाहीत. उठले, मला पाटावरून उचललं. आता उचलायला मुभा होती. अंगणात नेऊन माझी वाळू ओतली, सगळी नाही. तळाला ओंजळ-दोन ओंजळ ठेवली. दोरीने तोंड बांधलं आणि नव्याच्या खाटेशेजारी खुंटीला मला टांगलं.

"पाय बरा झाला की इतक्यापासून सुरू. पुढल्या वर्षीची भरती आहे. लग्नाचं कोण काढतो ते मी बघतो," ते म्हणाले. मग नातीसमोर उभे राहिले, परेडला उभे राहतात तसे ताठ. "दुखतंय?"

"नाही," नव्या सवयीने म्हणाली.

ते हलले नाहीत. रम्या मशीनवर थांबली. म्हातारा तसाच उभा होता, आणि या वेळी हॉर्न नव्हता, वीट नव्हती, गोष्ट नव्हती.

"हो," नव्या म्हणाली. "खूप."

मित्रांनो, पूर्वीचं शिक्षण कडक होतं की आताचं मऊ आहे, ते मला विचारू नका. दोन्ही काळांत पोरं जीव तोडून पळतात, एवढं मला पाठींवरून ठाऊक आहे. ओझी उचला, जरूर उचला. पण दुसऱ्याच्या पाठीवर ओझं ठेवाल तेव्हा त्याला विचारा, आणि पहिलं उत्तर आलं की निघून जाऊ नका.