बोर्डाची उलटी बाजू

जुने घरगुती कॉम्प्युटर जमवणाऱ्या मंडळींत त्याला सगळे ‘डबडेवाले’ म्हणत. घरात तीस डबडी होती आणि बायकोला बसायला धड खुर्ची नव्हती. त्यातलं पहिलं मात्र विकत आणलेलं नव्हतं. विशीत सुटे भाग मागवून त्याने ते स्वतः जोडलं होतं. आता ते प्रदर्शनात जाणार होतं आणि पाटीवर लिहायचं होतं, ‘एकट्याने जोडलेले’.

त्याआधी एक जाणकार बाई यंत्र तपासायला आल्या. त्यांनी यंत्राच्या आतला बोर्ड उलटा केला, सुटे भाग जोडणारे सोल्डरचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, “हे दोन माणसांचं काम आहे.”

“काहीतरीच काय! मी एकट्याने केलंय.”

“हे टाके बघा, नुसते ओबडधोबड गोळे. आणि हे पन्नासएक, मोत्याच्या दाण्यासारखे. एका माणसाचे नाहीत हे.”

त्याचं डोकंच चालेना. बोर्डाची अदलाबदल झाली म्हणावं, तर कोपऱ्यातला जळका डाग त्याचाच होता. मित्राने हात लावला म्हणावं, तर तेव्हा मित्र घरी यायचेच नाहीत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या वडिलांना हा नाद मुळीच खपत नसे. “या डबड्यापायी आयुष्य वाया घालव,” म्हणून त्यांनी जे बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. यंत्र तीन आठवडे मुडद्यासारखं पडून होतं आणि एका सकाळी बटण दाबताच सुरू झालं. ती सकाळ त्याला तारखेसकट पाठ होती. आपल्या हुशारीची ती गोष्ट त्याने चाळीस वर्षं रंगवून सांगितली होती.

“आणि इथे हे काय कोरलंय?” बाईंनी भिंग पुढे केलं. कडेला सुईच्या टोकाने काढलेला इवलासा त्रिकोण होता, खाली तारीख.

बायको वाकली. “अहो, ही तर तुमच्या बाबांची खूण! माझं घड्याळ दुरुस्त केलं तेव्हा झाकणात आतून हीच कोरली होती त्यांनी.”

तारीख यंत्र सुरू झालं त्याच्या आदल्या दिवसाची होती.

त्याला भयंकर राग आला, कोणावर ते कळेना. एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? मग परक्या बाईसमोरच त्याला रडू फुटलं.

“पाटीवर काय लिहायचं?” बाईंनी हळूच विचारलं.

“लिहा, जोडलं मी,” डोळे पुसत तो म्हणाला, “चालू बाबांनी केलं. आणि बोर्ड उलटाच ठेवा.”